सहीखालची वेळ

अण्णा,

आज आमच्या वॉर्डात एका बाईने अमावास्या आहे म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही करायला नकार दिला, आणि मला तुमची इतकी आठवण आली की घरी येऊन ड्यूटीचे कपडेही न बदलता मी लिहायला बसले. बाई दिंडोरीकडच्या खेड्यातली, गर्भाची पिशवी काढायला आलेली. नवरा आणि सासू पलंगाच्या दोन बाजूंना उभे. मी संमतीचा कागद काढला तशी नवऱ्याने खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "कुठं करू मॅडम सही?" मी म्हटलं, तुमचीही घेईन, पण पिशवी यांची आहे, आधी यांच्याशी बोलते, तोवर तुम्ही आईंना घेऊन खाली चहा पिऊन या. ते गेल्यावर स्टुलावर बसून मी तिला सगळं सांगितलं आणि मग माझा नेहमीचा प्रश्न विचारला, "आता तुम्ही मला सांगा, उद्या तुमचं काय करणार आहेत?" ती म्हणाली, "पिशवी काढतीन, बाकीचं राहू देतीन, अन् दोन महिने निंदायला जायचं नाय." माझ्यापेक्षा थोडक्यात आणि अगदी बरोबर. मी पेन पुढे केलं तर तिने हात पदराखाली घेतला. "समजलं समदं. पण सही उद्या करीन. आज आमुशा हाय."

उद्याची पहिली केस तिची. डॉक्टर माझ्यावरच उखडले. "तुम्ही विचारत बसता, सिस्टर, म्हणून हे असं होतं." मी म्हटलं, हो, म्हणूनच होतं. तिची केस दुपारी ढकलली. हे सगळं चालू असताना मला सारखं वाटत होतं, की तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून चष्म्याची दांडी चावत हसताय. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, तरी माझ्या नोकरीतल्या गोष्टी अजून मनातल्या मनात तुम्हालाच सांगते. एक सोडून. ती एक आज सांगायची आहे, पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल, तेव्हा सांभाळून घ्या.

ओझरला विमानाच्या कारखान्यात तुम्ही तपासणीला होतात. दुसऱ्याने केलेलं काम नीट झालंय की नाही ते पाहायचं आणि कार्डावर सही करायची, एवढंच आपलं काम, असं तुम्ही कुणी विचारलं तर सांगायचात. पण ते एवढंच काम तुमच्या हाडात मुरलं होतं. रेशनकार्डाचा फॉर्म असो, गॅसचा असो, नाहीतर माझ्या सहलीच्या परवानगीची चिठ्ठी असो, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचल्याशिवाय तुमचं पेन टेकायचं नाही. गॅसवाला दारात ताटकळायचा आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ह्यांची सही पाहिजे तर नवस बोलावा लागतो." सहीखाली तारीख, आणि तारखेखाली वेळ. वेळ कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "माणूस सकाळी येगळा असतो अन् जेवण झाल्यावर येगळा. कुठल्या वक्ताच्या माणसानं पाहिलं ते मागच्याला कळाया पाहिजे." तेव्हा मला ते खुळ्यासारखं वाटलं होतं. आज नव्या मुलींना मी तेच जसंच्या तसं सांगते आणि त्या मला खुळी समजतात.

सातवीतलं प्रगतिपुस्तक तुम्हाला आठवत असेल. गणितात काठावर पास झाले होते, म्हणून दोन दिवस दप्तरातच ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत असताना पुढे केलं. आडगाव नाक्यावर कारखान्याची बस यायला पाच मिनिटं होती. मला वाटलं, घाईत मारतील सही. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत. "आत्ता नाय. पाहिल्याबिगर पेन टेकवत नाय मी, तुला म्हाईत हाय." आणि निघून गेलात. बाईंनी मला अर्धा दिवस वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि पाटावर, माझ्यासमोर मांडी घालून तुम्ही एकेक विषय विचारत होतात. कुठलं गणित चुकलं, कसं चुकलं, चुकलं तेव्हा कळलं होतं का नंतर कळलं. ओरडला नाहीत. मग सही केलीत, तारीख घातलीत आणि खाली लिहिलंत, सात पंचवीस. दुसऱ्या दिवशी बाई ती वेळ पाहून हसल्या आणि वर्गही हसला. मला तुमचा इतका राग आला होता की वहीचं मागचं पान भरून मी तुमची सही गिरवली, पुढच्या वेळी कुणाची गरज पडू नये म्हणून. आडव्या रेघेखालच्या दोन टिंबांसकट हुबेहूब यायला लागली. वापरली मात्र नाही. तुमचा धाक होता, आणि खरं सांगायचं तर तोवर रागही गेला होता.

नर्सिंग झाल्यावर पहिली नोकरी लागली तेव्हा मेन रोडवरच्या दुकानातून तुम्ही मला घड्याळ आणलंत. सेकंदकाटा लांब आणि लाल पाहिजे, पोरीला नाडी मोजायची असते, असं म्हणून तुम्ही दुकानदाराला सगळी घड्याळं काढायला लावली होती, हे आईने नंतर सांगितलं. पट्टा चारदा बदलला, घड्याळ तेच आहे. माझ्या मनगटावर ते बांधताना तुम्ही म्हणालात, "ह्याच्यात पाहून वेळ घालत जा." मी हो म्हटलं आणि वॉर्डात गेल्यावर काय शिकले, तर फुल्या मारायला.

फुल्या म्हणजे काय ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पेशंट दाखल झाला की सगळ्या फॉर्मांचा गठ्ठा काढायचा, जिथे जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने छोटी फुली मारायची आणि नातेवाइकांपुढे धरायचा. इथे, इथे आणि इथे. कसलं ऑपरेशन, कोण करणार, धोका काय, त्या ओळी कोऱ्याच. त्या नंतर कुणीतरी सवडीने भरायचं. हे कुणाच्या वाईटावर नव्हतं. कामाचा रेटाच तसा होता, आणि कागद म्हणजे उद्या काही बिघडलं तर आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून, असंच आम्हाला शिकवलं होतं. लोकही तसेच. काहीजण फुलीवर डोळे मिटून सही ठोकायचे, तुम्ही बसलाय ना मॅडम. काहीजण कागद पाहूनच घाबरायचे. एक सिन्नरकडचा म्हातारा म्हणाला होता, "सही कामून घेता? म्हंजे काही बरंवाईट होणार, हे तुम्हाला आधीच म्हाईत हाय." बायकांना तर कुणी विचारायचंच नाही. नवरा नाही तर दीर, दीर नाही तर मुलगा. आणि मी, तुमची मुलगी, दिवसाला वीस-वीस फुल्या मारायचे. माझा हात वॉर्डात सगळ्यात वेगाने चालतो असं आमच्या तेव्हाच्या इन्चार्ज सिस्टर कौतुकाने सांगायच्या.

तुमच्या पायाचं दुखणं कुणाच्याशा लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपलेने सुरू झालं. शुगर आधीपासूनची. चप्पल चावून जखम झाली, ती तुम्ही कुणाला सांगितली नाहीत. महिनाभर घरात पायमोजे घालून हिंडत होतात, आणि अख्ख्या पंचवटीत घरात पायमोजे घालणारा तुमच्याशिवाय दुसरा माणूस नसेल, तरी मला नर्स असून संशय आला नाही. शेवटी वासाने आईला कळलं. दोन बोटं काळी पडली होती. म्हणजे लपवालपवीला सुरुवात तुम्हीच केलीत, हे तेवढं तुमच्या खात्यावर.

तुम्हाला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. सर्जननी मला, आईला आणि अंबडहून कंपनीतून रजा टाकून आलेल्या धाकट्या भावाला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, बोटं तर काढावीच लागतील, पण विष वर चढलं असेल तर गुडघ्याखाली पाय घ्यावा लागेल, ते टेबलावरच ठरेल.  आईचं पहिलं वाक्य होतं, "त्यांना पायाचं सांगू नका, ते हाय खातील." धाकटा म्हणाला, "ताई, सही तू घे. तुला ते नाही म्हणणार नाहीत." आणि मी मान हलवली. मला भीती वाटत होती, अण्णा. तुम्ही सगळं वाचाल, मग दोन दिवस विचार कराल, आणि आमच्याकडे दोन दिवस नव्हते. सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, असं मला वाटलं होतं. आता वाटतं, तुम्ही पाचच मिनिटं घेतली असती. पण ते मी तुम्हाला कधीच विचारलं नाही, म्हणून मला ते कधीच कळणार नाही.

मी तुमच्या पलंगाशी उभी आहे. हातात फॉर्म, तेव्हा तो इंग्रजीतच असायचा, आणि त्यावर सवयीने मारलेली पेन्सिलची फुली. तुम्ही उशीखालून चष्म्याचं घर काढता, चष्मा लावता, कागद लांब धरता.

"वरची ओळ मोकळी का गं?"

"नंतर भरतात, अण्णा. सगळ्यांचं असंच असतं."

"काय करणार हायेत?"

"बोटांची साफसफाई."

तुम्ही कागद मांडीवर ठेवता आणि माझ्याकडे पाहता. मी सलाईनच्या बाटलीकडे पाहते. दहा-पंधरा सेकंद असतील, पण सेकंद मोजणाऱ्या माणसाला विचारा ते किती असतात. मग तुम्ही विचारता, "किती वाजले?" मी तुम्ही दिलेल्या घड्याळात पाहून सांगते, नऊ चाळीस. तुम्ही सही करता, रेघ मारता, दोन टिंबं देता, तारीख घालता, खाली वेळ घालता. आयुष्यात पहिल्यांदा, न पाहिलेल्या कामावर. मी कागद उचलून भराभरा निघाले, कारण तिथे आणखी थांबले असते तर रडले असते, आणि मग तुम्हाला सगळंच कळलं असतं.

पाय गुडघ्याखाली गेला. शुद्धीवर आल्यावर चादर जिथे सपाट पडली होती तिकडे तुम्ही बराच वेळ पाहत होतात. आईला उलट तुम्हीच धीर दिलात. मी समोर आले की औषधांची नावं विचारायचात. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन झाल्यावर म्हणालात, "माझा कागद दाखव." फाईल पेशंटच्या हातात द्यायची नाही, असा आमचा नियम होता. मी गेले आणि फाईल आणून तुमच्या हातात दिली. कारखान्यातली ड्रॉइंगं वाचून वाचून तुमचं इंग्रजी पक्कं झालं होतं. तुम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केलीत. कोऱ्या ओळीवर आता ज्युनिअर डॉक्टरांच्या अक्षरात पाय कापण्याचं लिहिलेलं होतं.

"मी सही केली तवा हे नव्हतं."

"नव्हतं."

"तुला म्हाईत होतं?"

"होतं, अण्णा."

तुम्ही पेन मागितलंत. मला वाटलं, आता काहीतरी तक्रार लिहिणार. तुम्ही पहिल्या सहीच्या खाली, उरलेल्या जागेत, दुसरी सही केलीत. त्या दिवसाची तारीख, आणि वेळ आठ दहा. "आता पाहिलं," तुम्ही म्हणालात, "आता ही माझी सही." मी रडत रडत म्हटलं, पहिलीवर काट मारते, ती मी फसवून घेतलीय. तुम्ही माझ्या हातावर थोपटलंत. "ऱ्हाऊ दे ती. तवा मी काम पाहिलं नव्हतं, तुझं तोंड पाहिलं होतं. ते पाहूनच केली." त्यानंतर त्या विषयावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. दुसऱ्या कुठल्या बापासारख्या तुम्ही मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे.

दुपारी इन्चार्ज सिस्टरनी फाईल चाळली आणि मला बोलावलं. ऑपरेशननंतरच्या तारखेची सही संमतीच्या कागदावर? उद्या तपासणीला कुणी आलं तर हॉस्पिटलची काय अब्रू राहील? त्या वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांनी नवा फॉर्म काढून दिला. वडिलांची एकच सही घे, ऑपरेशनच्या दिवसाची तारीख आणि आधीची वेळ घालायला सांग, आणि हा कागद फाड. तो नवा फॉर्म घडी करून खिशात घातला आणि मी तुमच्याकडे आले. तुम्ही शेजारच्या पलंगावरच्या माणसाला कुबडीचा स्क्रू कसा आवळायचा ते समजावत होतात. मला पाहून विचारलंत, "लागला का गं माझा कागद फाईलला?" मी म्हटलं, "लागला, अण्णा." तुम्ही समाधानाने मान हलवलीत आणि परत स्क्रूकडे वळलात.

त्यानंतर तुम्ही तीन वर्षं जगलात, आणि नुसते जगला नाहीत. कृत्रिम पाय मिळाला तेव्हा पोचपावतीवर सही करायच्या आधी ती दोन्ही बाजूंनी वाचलीत, एका पायावर उभं राहून, आणि मागे रांग लागली होती. त्या पायाने भाजीबाजारापर्यंत जायला लागलात. गेलात तेही घरीच, सकाळी, पेपर वाचता वाचता, कुठल्याही कागदावर कुणाची सही न लागता. आईने तुमचा चष्मा काढला तो माझ्याकडे आहे.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी इन्चार्ज झाले, आणि पहिल्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करून कपाटात टाकल्या. आता फॉर्म मराठीत आहेत, नियम कडक झालेत, पण कामाचा रेटा तोच आहे आणि नव्या मुलींचा हात आपोआप फुली मारायला जातो. मी खोडरबर घेऊन मागे असते. ओळ भरल्याशिवाय सही नाही, पेशंटने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय सही नाही, सहीखाली वेळ घातल्याशिवाय कागद माझ्या फाईलला लागत नाही. मुली कंटाळल्या की त्यांना एका पेशंटची गोष्ट सांगते, त्याच कागदावर दुसऱ्यांदा सही करणाऱ्या. ते पेशंट माझे वडील, हे सांगत नाही. आणि त्या गोष्टीचा शेवट तर कुणालाच सांगितलेला नाही. आज ती बाई पदराखाली हात घेऊन शांतपणे म्हणाली, उद्या करीन, तेव्हा मला कळलं की हे एवढंच तुम्हाला मिळायला हवं होतं. उद्या करीन म्हणायची जागा. मी ती ठेवली नव्हती.

तर आता तो शेवट. त्या दुपारी नवा फॉर्म तुमच्यापुढे काढण्याची माझी हिंमत झाली नाही. सही तुम्ही केली असती हो, माझं तोंड पाहून परत केली असती. पण खोटी वेळ घाला, असं तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी चादरी ठेवायच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि सातवीत गिरवलेली सही केली. रेघ, दोन टिंबं, जुनी तारीख, नऊ चाळीस. एका फटक्यात आली. हाताला इतक्या वर्षांनी सगळं आठवत होतं. माझ्या मनगटावर तेव्हा चार वाजत आले होते. तुमचा कागद मी फाडला नाही. तो माझ्या कपाटात आहे, एकीखाली एक दोन सह्यांचा. आणि फाईलला जो लागला, अण्णा, तो तुमचा नव्हता.

तुम्ही विचारलं होतंत, मी लागला म्हणाले होते. तीन वर्षं रोज तुमच्यासमोर होते, तरी सांगितलं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, ते तुमच्या कागदाच्या मागे लावून ठेवते. लावायच्या आधी पहिल्या शब्दापासून वाचून काढलं. खाली माझी सही करते, माझ्या स्वतःच्या नावाची. वेळ घड्याळात पाहून घातली आहे, सहा वाजून दहा मिनिटं.